आओदाइशो: जपानची धामण शोधायची कुठे आणि पाळायची कशी

जपानात स्थिरावलेल्या एखाद्याला साप पाळावासा वाटला, की तो दुकानातून अमेरिकेचा कॉर्न स्नेक नाहीतर आफ्रिकेचा बॉल पायथन घेऊन येतो. दोन्ही गुणी साप आहेत, तक्रार नाही. पण भातखाचरांच्या बांधांवर आणि देवळांच्या दगडी भिंतींत नांदणारा इथला आओदाइशो कुणाच्या मनातही येत नाही, याची मला हळहळ वाटते. कोकणातल्या माझ्या लहानपणी गोठ्यामागच्या गडग्यात धामण असायची, तसा इथे हा. उंदरांचा काळ, माणसाला निरुपद्रवी, आणि तरी लोकांना भीती घालणारा. ज्यांना तो बघायचा आहे आणि पुढे पाळायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगतो: रानातला साप रानातच बघा, आणि घरात आणायचा तर पिंजऱ्यात जन्मलेलाच आणा.

आधी ओळख

'आओ' म्हणजे निळा आणि हिरवा दोन्ही, 'ताइशो' म्हणजे सेनापती. नाव अगदी शोभतं. मोठा झालेला आओदाइशो शेवाळी हिरवा असतो, आणि होक्काइदोकडच्या काहींवर निळसर झाक इतकी सुरेख असते की बघत राहावं. शास्त्रीय नाव एलाफे क्लायमाकोफोरा, म्हणजे 'शिडी वाहणारा'. पिल्लांच्या पाठीवर शिडीच्या पायऱ्यांसारखे तपकिरी आडवे पट्टे असतात, त्यावरून हे नाव पडलं. मोठेपणी ते पट्टे फिके होत जातात.

होक्काइदो, होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या चारही मोठ्या बेटांवर तो आहे. ओकिनावाकडे नाही. लांबी एक ते दोन मीटर, आणि ओकिनावाचा पट्टा वगळला तर जपानातला सर्वांत मोठा साप हाच. पोटाखालच्या खवल्यांना दोन्ही कडांनी कण्यासारखा उंचवटा असतो. त्याच्या आधाराने तो झाडाची साल पकडत सरळ वर चढतो. पेटीच्या झाकणाचा विषय पुढे येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

जुन्या घरांत माळ्यावर राहणाऱ्या आओदाइशोला खेड्यातली माणसं घराचा रखवालदार मानत आली आहेत. यामागुची प्रांतातल्या इवाकुनी गावात याच जातीचे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे साप आहेत. १९२४ साली त्यांना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. गावकरी त्यांना बेंझाइतेन देवीचे दूत समजतात, आणि बेंझाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचलेली आपली सरस्वती. इवाकुनीला गेलात तर ते साप जरूर बघा. मात्र ते संरक्षित आहेत, पकडण्याचा प्रश्नच येत नाही.

आओदाइशोच्या सोबतीने आणखी दोन नावं ऐकू येतील. शिमाहेबी म्हणजे 'पट्ट्यांचा साप': अंगावर चार काळ्या उभ्या रेघा, लालसर डोळे, स्वभाव तापट. बेडूक, सरडे आणि प्रसंगी दुसरे सापही खातो. जिमुगुरी म्हणजे 'जमिनीत शिरणारा': लाजाळू, तांबूस, फार देखणा, पण त्याला उष्णता सोसत नाही. पारा पंचवीसच्या फार वर गेला की तो बेचैन होतो, खाणं सोडतो. पहिला साप म्हणून दोन्ही नकोत. दोन-तीन वर्षं आओदाइशो सांभाळा, मग त्यांचा विचार करा.

रानात बघायचा तर

एप्रिलच्या आसपास साप शीतनिद्रेतून बाहेर पडतात आणि थंडी सुरू होईपर्यंत हिंडतात. नवख्या माणसाला मे आणि जून उत्तम. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, सकाळी ऊन पडलेलं, साडेआठ ते अकराची वेळ. भातशेतीला लागून झाडी आहे अशी जागा निवडा. दगड रचून केलेल्या भिंती, कालव्याचे काठ, देवळाच्या आवारातले जुने वृक्ष, शेतावरची पडकी खोपटं बघा. डोळे जमिनीवर ठेवा तसेच फांद्यांवरही, कारण पाखरांची अंडी-पिल्लं शोधत हा झाडावर चढतो. चिमण्या, साळुंक्या एका जागी एकदम कलकलाट करू लागल्या तर तिकडे आधी नजर टाका.

मला पहिला दिसला तो शोधायला लागल्यापासून सहाव्या रविवारी. तोक्योशेजारच्या सैतामातल्या एका छोट्या देवळामागे दगडी भिंत होती, तिच्या फटीतून फक्त डोकं आणि वीतभर मान बाहेर आली होती. मी दहा पावलांवर थांबलो. जीभ दोनदा आत-बाहेर झाली, मग सगळं अंग हळूहळू उन्हात ओतल्यासारखं बाहेर आलं. वीस मिनिटं तो पडून होता आणि मी उभा होतो. जवळ गेलो असतो तर यातलं काहीच दिसलं नसतं.

इथे सावधगिरीचा भाग येतो, तो घाईने वाचू नका. या देशात त्याच जागी दोन विषारी साप भेटतात. मामुशी आखूड आणि जाडसर, साधारण दीड-दोन फूट, अंगावर नाण्यासारखे गोल डाग, डोळ्यातली बाहुली उभी चीर. आओदाइशोचं पिल्लू पट्ट्यांमुळे लांबून मामुशीसारखंच भासतं. ते सडपातळ असतं आणि त्याच्या डोळ्याची बाहुली गोल असते. डोक्याच्या आकारावर मात्र विसंबू नका, घाबरलेला आओदाइशो डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवतो. दुसरा यामाकागाशी. याचे रंग प्रदेशागणिक बदलतात: तोक्योच्या बाजूला लाल-काळे ठिपके, पश्चिमेकडे बरेचदा साधा मळकट हिरवा. याचे विषदंत जबड्यात मागे असतात, म्हणून फार काळ लोक त्याला बिनविषारी समजत होते. पण त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि माणसं दगावली आहेत. शिवाय मानेवरच्या ग्रंथींत त्याने खाल्लेल्या भेकांचं विष साठवलेलं असतं, ते डोळ्यात गेलं तर डोळा जायची वेळ येते. ओळखीबद्दल तिळभर शंका असेल तर हात लावायचा नाही. फोटो काढा, घरी येऊन पुस्तकात ताडून बघा.

आता 'रानातलाच पकडून आणला तर?' हा प्रश्न. जपानचा वन्यजीवांचा मुख्य कायदा पक्षी आणि सस्तन प्राण्यांपुरता आहे, त्यामुळे साधा आओदाइशो पकडणं बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरत नाही. राष्ट्रीय उद्यानांतल्या विशेष संरक्षित भागात मात्र पूर्ण बंदी आहे, काही प्रांतांचे स्वतःचे नियम आणि धोक्यातल्या जातींच्या याद्या आहेत, आणि दुसऱ्याच्या शेतात परवानगीशिवाय शिरणं कुठेच योग्य नाही. कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर नाही असंच आहे. रानातल्या सापाच्या अंगावर गोचिड्या असतात, पोटात जंत असतात, बेडूक खाणाऱ्यांच्या कातडीखाली कृमींच्या अळ्या सापडतात. मोठा झालेला साप पेटीत आला की महिनोन्महिने अन्नाला तोंड लावत नाही, भिंतीवर नाक घासून जखमा करून घेतो. त्याच्या वाट्याला हे का यावं? पैदास केलेलं पिल्लू सहज मिळत असताना तर मुळीच नको.

साप आणण्याआधी घर तयार करा

पहिली पायरी घरमालक. भाड्याच्या घराचा करार काढा आणि प्राण्यांबद्दलचं कलम वाचा. बहुतेक करारांत पाळीव प्राणी मना असतात, आणि 'साप आवाज करत नाही, कुणाला कळणार' हा विचार अंगाशी येतो. एजंटामार्फत घरमालकांना विचारा, होकार लेखी घ्या. घरातल्या माणसांचाही होकार लागतो. फ्रीझरमध्ये उंदीर ठेवायचे आहेत, हे बायकोला, नवऱ्याला किंवा खोलीतल्या सोबत्याला आधीच सांगा. आमच्याकडे त्यासाठी वेगळा छोटा फ्रीझर आला तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

मग पेटी. पिल्लाला तीस सेंटीमीटरची प्लॅस्टिकची पेटी पुरते. मोठ्या पेटीत पिल्लू बिथरतं, खात नाही. पूर्ण वाढलेल्या सापाला नव्वद सेंटीमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद अशी पेटी हवी, उंचीही तेवढीच, कारण याला चढायला आवडतं. आत एक जाड फांदी पक्की बसवा. अंग चोरून बसता येईल असं लपायचं घरटं उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, असं दोन्हीकडे हवं. पाण्याचं भांडं जड असावं, म्हणजे उलटत नाही, आणि साप वेटोळं करून बसू शकेल एवढं रुंद. तळाला सुरुवातीला किचन पेपर किंवा वर्तमानपत्र घाला. विष्ठा कशी आहे, अंगावर किडे आहेत का, हे त्यावर लगेच दिसतं. नंतर लाकडाचा भुसा घालायचा असेल तर हिनोकी-सुगीसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा टाळा.

झाकणाला कुलूप लागतंच. कडी, खटका काय असेल ते, पण बाहेरून लावून खात्री करता आली पाहिजे. साप फटीतून डोकं बाहेर काढू शकला की अंगही काढतो. पहिल्या वर्षी मी एका रात्री पाणी बदलून झाकण नुसतं टेकवलं आणि झोपलो. सकाळी पेटी रिकामी. दुपारी तो पुस्तकांच्या फडताळामागे भिंतीला चिकटून सापडला, पण ते सहा तास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून दोन खटके लावतो आणि लावल्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणतो, 'लागलं'. इथले रेल्वेवाले सिग्नलकडे बोट दाखवून बोलतात ना, तसं.

आणि हा भूकंपाचा देश आहे. पेटी उंच कपाटावर ठेवू नका. कमी उंचीच्या, भिंतीला बांधलेल्या मांडणीवर ठेवा आणि खाली न घसरणारी रबरी चटई घाला. घर सोडावं लागलं तर न्यायला एक सुती पिशवी आणि कुलपाचा छोटा डबा दाराजवळ तयार असू द्या.

उष्णता द्यायला पेटीच्या तळाखाली, एक तृतीयांश भागापुरतीच, उब देणारी पॅनल लावतात. उबदार बाजू अठ्ठावीस ते तीस अंश, दुसरी बाजू बावीस ते चोवीस. तापमापक दोन्ही टोकांना हवा, आणि पॅनलला थर्मोस्टॅट जोडा. खरं संकट हिवाळा नसून उन्हाळा आहे. तोक्योत ऑगस्टमध्ये बंद खोली पस्तिशीपार जाते आणि पेटीतला साप पळून सावलीला जाऊ शकत नाही. कामावर जाताना एसी चालू ठेवावा लागतो. त्याचं बिल आधीच हिशेबात धरा, कारण सापापेक्षा त्याचा संसारच महाग पडतो.

हे सगळं मांडून आठवडाभर रिकामी पेटी चालवून बघा. तापमान स्थिर राहिलं की मगच साप.

पिल्लू निवडताना

जपानात प्राणी विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीचा फलक समोर लावावा लागतो. २०१३ पासून सरपटणाऱ्या प्राण्यांची नुसती ऑनलाइन विक्री बंद आहे. विकणाऱ्याने प्राणी प्रत्यक्ष दाखवायचा आणि समोरासमोर, लेखी माहितीसह समजावून सांगायचं, असा नियम आहे. कुणी 'फोटो बघा, कुरिअरने पाठवतो' म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. तोक्योत इकेबुकुरोला, शिझुओकाला सरपटणाऱ्या प्राण्यांचे मोठे मेळे भरतात. तिथे स्वतः पैदास करणारी माणसं भेटतात, आणि ती मोकळेपणाने बोलतात. मोडकंतोडकं जपानी असलं तरी चालतं.

विचारायचे प्रश्न तीनच. हा पैदाशीचा आहे की पकडलेला? शेवटचं काय खाल्लं आणि कधी? गोठवलेला उंदीर कोमट करून दिला तर घेतो का? तिसऱ्याचं उत्तर खणखणीत 'हो' असेल तरच पुढे जा. शक्य असेल तर समोर खाताना बघा. पिल्लू हातात घेतल्यावर अंगात जोर जाणवला पाहिजे. पाठीचा कणा वर आलेला नसावा, नाका-तोंडाशी बुडबुडे नसावेत, खवल्यांत काळे ठिपक्याएवढे किडे फिरत नसावेत.

घरी न्यायचं कसं, हे नवखे लोक शेवटी विचारतात. जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या नियमांत सोबत नेता येणाऱ्या लहान प्राण्यांतून साप स्पष्ट वगळलेले आहेत. म्हणजे मेळ्यातून पिशवीत घालून लोकलने घरी, हे चालत नाही. मित्राची गाडी ठरवा, किंवा टॅक्सीवाल्याला आधी विचारा.

मामुशी, ओकिनावाकडचा हाबू, यामाकागाशी या विषारी जाती सरकारने 'विशेष प्राणी' ठरवल्या आहेत आणि जून २०२० पासून त्या हौसेखातर नव्याने पाळायला बंदी आहे. आओदाइशोला असा कुठला परवाना लागत नाही.

पहिला महिना आणि खाणं

आणल्यावर आठवडाभर त्याला एकटं सोडा. पाणी बदला, बाकी काही नाही. पाहुण्यांना दाखवू नका. एक शब्द आपल्या लोकांसाठी: दूध देऊ नका. नागपंचमीलाही नाही. सापाला दूध पचत नाही, त्याला फक्त स्वच्छ पाणी लागतं.

आठ दिवसांनी पहिलं जेवण. गोठवलेलं उंदराचं केस न आलेलं पिल्लू, ज्याला इथे 'पिंक माउस' म्हणतात, झिपच्या पिशवीत घालून चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. आतपर्यंत मऊ आणि ऊबदार झालं पाहिजे. मायक्रोवेव्ह कधीही नको. लांब चिमट्यात धरून सापाच्या नाकासमोर हळूच हलवा. घेतलं नाही तर लपण्याच्या घरट्याच्या तोंडाशी ठेवून दिवा मालवा आणि निघून जा. सकाळी बघा. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, त्याहून जास्त नाही. पिल्लांना चार-पाच दिवसांनी एक, मोठ्यांना आठ ते पंधरा दिवसांनी. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर उलटी करतो आणि तिने तो फार खचतो. एका पेटीत एकच साप.

साप मोठा झाला की कधीतरी लावीचं कच्चं अंडं द्या, सुपरमार्केटमध्ये मिळतं. हे मी दर वेळी सगळी कामं सोडून बघतो. तो आधी अंड्यावर जीभ फिरवतो, मग जबडा इतका ताणतो की गालांवरचे खवले सुटे होऊन मधली पांढरी कातडी दिसते. अंडं मानेपर्यंत सरकतं आणि तिथे गोल फुगा थांबतो. मग तो मान खाली दाबून किंचित वाकवतो. आत पाठीच्या मणक्यांना खाली निघालेली टोकं असतात, त्यांवर कवच दाबलं जातं. खोली शांत असेल तर बारीक 'टक्' ऐकू येतं आणि फुगा बसतो. कवचही तो पोटात घेतो. अंडी मात्र आवडीचा खाऊ म्हणूनच, पोटभरीला उंदीरच हवेत.

हातात घेणं, कात, आजार

तीन-चार जेवणं नीट झाली की हातात घ्यायला सुरुवात करा. वरून झडप घालू नका, घार तसंच करते. बाजूने हात नेऊन अंगाच्या मधल्या भागाखाली घाला आणि त्याला हातांवरून वाहू द्या. पाच मिनिटं पुरेत. घाबरला तर शेपटीकडून एक उग्र दर्प सोडतो, दोनदा साबण लावावा लागतो. पिल्लू चावलं तर टाचणी टोचल्यासारखं वाटतं, पाण्याने धुवा आणि पुढच्या वेळी सावकाश घ्या. हाताळण्याआधी आणि नंतर हात धुणं सक्तीचं, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका.

कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळे होतात, रंग मरतो, साप चिडखोर होतो. तेव्हा खाणं देऊ नका, हाताळू नका. ओलसर शेवाळाचा एक डबा आत ठेवा. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग एका रात्रीत कात पडते. ती अखंड आली का, डोळ्यांवरच्या दोन गोल झाकण्या तिच्यासोबत आल्या का, हे उजेडात धरून तपासा. राहिल्या असतील तर ओरबाडू नका, दमटपणा वाढवा, तरी निघाली नाही तर डॉक्टर. जपानात कातेचा तुकडा पाकिटात ठेवला की पैसा टिकतो असं मानतात. माझ्या शेजारच्या आजी दर वेळी आठवणीने मागून नेतात, आणि आमची ओळख त्यातूनच वाढली.

साप बघणारा डॉक्टर मात्र आजारपण येण्याआधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने बहुतेकदा नाही म्हणतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, हिरड्यांवर पिवळी साय, सतत पाण्यात बसून राहणं, ही दिसली की त्याच आठवड्यात न्या.

पळालाच तर आधी घर बंद करा आणि घरातच शोधा: फ्रीजमागे, फडताळामागे, छताच्या पोकळीत. २०२१च्या मे महिन्यात योकोहामातल्या एका घरातून साडेतीन मीटरचा अजगर निसटला. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बाहेर शोध चालला, आणि तो सापडला त्याच इमारतीच्या छताखाली. बाहेर गेल्याची शक्यता असेल तर लाज न धरता पोलिसांना आणि घरमालकांना कळवा.

व्हिसाचा हिशेब

आओदाइशो पंधरा वर्षांहून जास्त जगतो. आपल्यातल्या अनेकांचा इथला मुक्काम तेवढा नसतो. भारतात परतताना तो सोबत नेता येणार नाही, हे धरूनच चाला. जाताना देवळामागे सोडून देणं तर अजिबात नको: होक्काइदोचा साप सैतामात सोडला तर तिथल्या सापांची वंशरेषा बिघडते, आणि पेटीतले रोग रानात जातात. म्हणून आणण्याच्या दिवशीच ठरवून ठेवा, नंतर तो कुणाकडे जाणार. माझ्या पेटीच्या बाजूला जपानी आणि मराठीत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर त्याचं शेवटचं वजन, शेवटच्या जेवणाची तारीख, डॉक्टरांचा नंबर आणि त्याला सांभाळायला कबूल झालेल्या मित्राचं नाव आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती नव्याने लिहितो.